नाडा आणि गेर

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे तिच्या परकराचा नाडा इंजिनात भरला. लोक सांगतात, शेवटी हातात हात घेतला, दोन शब्द बोललो. आमचं तसलं काही झालं नाही. नाडा भरला.

इंजिन म्हणजे झाड कापायच्या चेनसॉचं. पुसदहून जुनी आणलेली मशीन. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाळकी बाभूळ उभी होती, ती पाडायची म्हणून घेतली. पण चेनीला तेलच पोचेना. जरा चालवली की धूर. मशीनमध्ये तेल ओढणारा एक पंप असतो आणि त्याला फिरवतो एक लोखंडी गेर. बोराएवढा, वरून स्क्रूसारखे आटे. तो झिजला होता. तो काढायचा तर आधी त्याच्यावरचा क्लच काढावा लागतो. आणि क्लच फिरवायला जावं तर आतलं इंजिनही सोबत फिरतं. म्हणून प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची, म्हणजे दट्ट्या, पिस्टन, अडकून बसतो. हे मला दिग्रसच्या एका मिस्त्र्यानं सांगितलं होतं. सुतळी नको म्हणाला, तिचे धागे आत राहतात. दोरी गुळगुळीत पाहिजे.

घरात गुळगुळीत दोरी एकच होती आणि ती वाळत घातलेल्या परकरात होती.

"काय जी, काय ओढून राह्यले?"

"नाडा पाहिजे."

"कायले?"

"मशीनीत घालाले."

तिनं एकदा मशीनकडे पाहिलं. "आजवर तिले नुसतं पुसत होते. आता नेसवून राह्यले काय?"

तिला ती मशीन डोळ्यासमोर नको होती. आवाजानं गाय दूध चोरते म्हणायची. तिथंच पैज लागली. संध्याकाळचा दिवा लागायच्या आत गेर निघाला तर ती मशीनचं नाव काढणार नाही. नाही निघाला तर मी तिच्यासोबत कळंबला जायचं, चिंतामणीच्या दर्शनाला, लायनीत उभं राहून, कुरकुर न करता. आजवर ती पायऱ्यांनी खाली देवाकडे उतरायची आणि मी बाहेर टपरीवर चहा पीत बसायचो.

"आन् नाडा मले वापस पाहिजे," ती म्हणाली. "गेर निघाला का लगेच."

मग मशीन दोन पायांत धरून तीच बसली आणि एकेक बोट नाडा भोकातून आत सारू लागली. माझ्या हातून तो दुमडत होता. अर्धा आत गेला, अर्धा बाहेर लोंबत राहिला.

क्लचच्या खाचेत मी छिन्नी लावली. हातोडी सापडेना, म्हणून खलाचा बत्ता घेतला.

"बत्त्याले तेल लागलं तर चटणी तुम्हीच खासान."

मी ठोकत होतो डावीकडे. जगात सगळं डावीकडेच खुलतं. नट घ्या, बाटली घ्या, डब्याचं झाकण घ्या. क्लच ढिम्म हलेना.

"पंख्यावानी असंल," ती म्हणाली.

"कोणता पंखा?"

"टेबलपंखा. दर दिवाळीले पुसाले पाती काढते ना मी. त्याची टोपी उलटी खुलते."

"मशीनीतलं तुले काय समजते?"

"काहीच नाही समजत. ठोका तुम्ही."

मी ठोकलं. बत्ता अंगठ्यावर बसला. ती दूध उतू जातं का पाहायला आत गेली, तेवढ्यात मी गुपचूप उजवीकडे एक घाव घातला. क्लच सुटला.

आतून आवाज आला, "उलटंच खुललं ना?"

"थकलं होतं. सोताच खुललं."

पण गेर शाफ्टला असा चिकटून बसला होता जसा जावई सासुरवाडीला. दोन बाजूंनी दोन स्क्रूड्रायव्हर घालून उचकलं, तर एक निसटून कोंबडीच्या अंगावर गेला. कोंबडी दिवसभर परत आली नाही. मग मी बायकोची सांडशी घेतली, गरम पातेलं उतरवायची. गेर धरला आणि अंग टाकून ओढलं. सांडशीची मधली खीळ तुटली आणि दोन तंगड्या माझ्या दोन हातांत आल्या.

तिनं तंगड्या माझ्या हातातून काढून घेतल्या. आमच्या घरात हे शिवीपेक्षा वाईट. त्या आत नेल्या आणि देवाजवळ दिवा लावून बाहेर आली.

"हरले तुम्ही."

"आज दिवा लवकर लावला तू."

"सूर्य बी मीच बुडवला काय जी?"

जेवताना तिनं कळंबची गाडी किती वाजता असते ते विचारलं. मी म्हणालो, पाहू. ती झोपली, ती सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल.

लोक बसायला येऊ लागले. बायका आत जाऊन रडायच्या. माणसांचं तसं नसतं. माणूस येतो, हात जोडतो, सतरंजीवर बसतो आणि मग त्याला बोलायला काही सापडत नाही. आमच्या अंगणात मात्र त्यांची सोय होती. कोपऱ्यात पोत्यावर उघडी मशीन आणि तिच्यातून लोंबणारा नाडा.

"चांगली बाई होती, भाऊ."

"होती."

"हे काय हाय?"

मग सांगावं लागायचं. सांगितलं की माणूस सरकून जवळ यायचा. एक म्हणाला डिझेल टाका. एक म्हणाला जाळ द्या. माझा व्याही पांढरे कपडे घालून आला होता, त्यानं बाह्या वर केल्या आणि असा ठोकायला लागला की आतलं रडणं थांबलं. सून दारात येऊन पाहून गेली. व्याह्यानं बत्ता खाली ठेवला, डोळ्याला रुमाल लावला. निघताना म्हणाला, "निघाला तर कळवा."

तांड्यावरचा माझा जुना दोस्त रोज यायचा. एक दिवस त्यानं नाड्याचं टोक धरलं. "हे काय अडकलं इथं?" आणि ओढणार, तोच मी त्याचं मनगट पकडलं.

"नाड्याले हात नको लावू."

"काहून?"

"गेर निघाल्यावर वापस द्याचा हाय."

त्यानं टोक सोडलं. मग मशीनजवळच ठाण मांडून बसला आणि येईल त्याला सांगू लागला, "गेरले काय कराचं ते करा. नाड्याले शिवाचं नाही."

पोरगा म्हणाला, "बाबा, भंगारवाला आला हाय. हे देऊन टाकू काय?"

"मी मेल्यावर दे."

"असं नका बोलू, बाबा."

"मंग नको देऊ."

तेरवी झाली. सगळे आपापल्या घरी गेले. चहा करायला गेलो तर पातेलं उतरवायला काही नाही. फडताळात सांडशीच्या दोन तंगड्या सापडल्या, राखेनं घासून ठेवलेल्या. त्यांची टोकं पातेल्याचा काठ धरायला आधीच आत वाकलेली होती. मी गॅस बंद केला.

ती टोकं गेरच्या मागं अडकवली. वर लोखंडी पट्टी आडवी ठेवून तंगड्या तारेनं बांधल्या. पट्टीच्या भोकाला खालून नट लावला, त्यातून लांब बोल्ट उतरवून शाफ्टवर टेकवला आणि कसत गेलो. बोल्ट शाफ्टला रेटतो, तंगड्या गेरला ओढतात. सांडशी कुरकुरली, तार ताणली, आणि कट्ट. गेर उडाला आणि रांजणाखाली गेला.

"निघाला वं," मी म्हणालो.

आतून कोणी काही विचारलं नाही.

गेर शोधला, खिशात टाकला. मग नाडा हळूहळू बाहेर ओढला. काळाकुट्ट झाला होता, पेट्रोलचा भपकारा येत होता. गेर निघाला होता, पण दिवा तर कधीच लागून गेला होता. म्हणजे हरलो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडा साबणानं घासला. काळा तो काळाच राहिला. माझ्या धुतलेल्या पायजम्याचा नाडा तुटलेला होता. ओवायचं काम तिचं. सेफ्टी पिन कुठं ठेवायची कोण जाणे. शेवटी तारेच्या तुकड्याला बांधून ओलाच ओवला. बायकांचा नाडा लांब असतो, कमरेला दोन वेढे घ्यावे लागले. स्टँडवर गेलो आणि कळंबच्या गाडीत बसलो.

लाइन मोठी होती. टपरीवाल्यानं ओळखून ग्लास वर केला. मी नको म्हणून मान हलवली आणि लायनीत उभा राहिलो. पुढचा माणूस सारखा मागं वळून नाक उडवत होता.

"काका, अंगावर पेट्रोल सांडलं काय?"

"नाही," मी म्हणालो. "नाडा हाय."

तो चटकन पुढं सरकला. मग मीही सरकलो.