घर वाढलं

आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. देवापुढचा नारळसुद्धा आम्ही फोडत नाही, वाढवतो. दिवा विझत नाही, शांत होतो. आणि निघालेला माणूस ‘जातो’ म्हणाला, तर म्हातारी माणसं त्याला उंबऱ्यातून मागं बोलावून ‘येतो’ म्हणायला लावतात. मी अंगणवाडी सेविका आहे, पोरांना सरळ बोलायला शिकवते, पण हातातली काचेची बांगडी टिचकली की माझ्याही तोंडातून ‘वाढली’च निघतं. ह्या एका शब्दापायी माझ्या चुलतीचं घर गेलं. शब्दापायी म्हणते खरी, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माझ्यापायी गेलं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. काकीचं घर आमच्या मागं दोन घरं सोडून. काका लवकर गेले. एकच लेक, ती दिली शहापूरकडे, तानशाजवळच्या एका गावात. जावई सोन्यासारखा, दर होळीला येऊन म्हणायचा, आत्या, आता आमच्याकडंच ऱ्हा. काकी त्याला जेवायला वाढायची, कोंबडी कापायची आणि साफ नाही म्हणायची. लेकीच्या दारात पाहुणी म्हणून चार दिवस जाईन, मरायला नाय जायची, एवढंच तिचं म्हणणं. बाकी सगळ्या बाबतीत गरीब गाय होती ती. ह्या एका बाबतीत मात्र तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

घर म्हणजे पुढं एक खोली आणि मागं पडवी. पडवीत चूल, जातं, भाताचा कणगा. तिच्या सासऱ्यांनी ती पडवी बांधली तेव्हा शेजारच्याची दोन हात जागा लागली होती. शेजाऱ्याने तोंडी दिली, सासऱ्यांनी सुपारी फोडली, संपलं. तेव्हा कागद करायची पद्धत नव्हती. घराच्या आढ्याचं निम्मं ओझं त्या पडवीतल्या मेढींवर, म्हणजे जाड खांबांवर होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. गावातल्या कुणालाही माहीत होतं.

वादळ समुद्राचं होतं. आमच्याकडे समुद्र येतो तो बाजारातल्या सुक्या बोंबलातून, तेवढाच. मोबाइलवर दिवसभर किनाऱ्यावरची गावं दाखवत होते आणि आम्ही ‘बिचारे’ म्हणत भाताचं बियाणं पाखडत बसलो होतो. सिद्धगड मधे उभा आहे, वारा येतोय कुठला, असं माझा नवरा म्हणाला. दुपार कलली तसा अंगणवाडीचा पत्रा उठला आणि माझ्या डोळ्यांदेखत ओढ्यापलीकडच्या खाचरात जाऊन पडला. मग काय, निम्म्या गावाची कौलं गेली. काकीच्या मागं जांभळीचं झाड होतं, त्याची मोठी फांदी पडवीवर आली. कुडाच्या भिंती बसल्या, कौलांचा चुरा झाला, चूल चिखलात गेली. काकी पुढच्या खोलीत शेळीला धरून बसली होती म्हणून वाचली.

वारा थांबल्यावर मी धावत गेले तर ती दारात उभी. अंगभर माती. मला म्हणाली, मागलं घर वाढलं गो. मी म्हटलं, अगं जीव वाचला ना तुझा, आणि तिला धरून रडले. तिच्या त्या शब्दाकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. आपल्या घरातलं बोलणं, त्यात लक्ष काय द्यायचं.

पंचनाम्याला माणूस आला आठवड्याने. शहरात वाढलेला, पँट चिखलात जाऊ नये म्हणून जपणारा. त्याच्यावर पाच-सहा गावांचा भार होता, हेही खरंच. गावातली एक पंच म्हणून त्याने मला बरोबर घेतलं, कारण मला सगळ्यांची घरं ठाऊक आणि सहीही बरी येते. काकीच्या दारापर्यंत आम्ही पोचेतो माझं डोकं फिरलं होतं. अंगणवाडीतली खाऊची पोती भिजलेली, स्वतःच्या घरावर ताडपत्री, आणि ह्या बाईने साहेबांसाठी ओल्या लाकडांवर चहा मांडलेला. धूरच धूर. मी तिच्यावर खेकसले, राहू दे तो चहा, नुकसान सांग आधी. ती पदर सावरत म्हणाली, मागलं घर वाढलं. त्याने जीपमध्ये बसूनच मांडीवरच्या फळीवर लिहिलं. मागं चिखल होता, तो उतरला नाही. कागद माझ्यापुढं आला आणि मी सही केली. वाचला नाही. एवढा मोठा ‘मागील बाजूस घर वाढविले आहे’ असा मजकूर, आणि मी त्याच्याखाली माझं नाव वळणदार काढलं.

मदतीच्या यादीत काकीचं नाव आलं नाही तेव्हा मी ग्रामपंचायतीत जाऊन आरडाओरडा केला. पुढच्या यादीत बघू, म्हणाले. मीही गप्प बसले. कारण तोवर घर उभं राहिलं होतं. आमच्याकडे घर गावाने उभं करायचं असतं. प्रत्येक घरातून एक माणूस, जो येणार नाही त्याने निदान कुडासाठी कारवीचा भारा तरी टाकायचा. पुरुषांनी जुन्याच मेढी सरळ करून जाग्यावर बसवल्या, आम्ही बायकांनी कूड लिंपले. काकीने सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घातली. नवीन चूल घातली त्या दिवशी ती इतकी खूश होती की मी तिला म्हटलं, काय गो काकी, तुझंच लगीन आहे काय. लाजली.

पुढच्या वर्षी जमिनी घेणारे शेठ आले. किनाऱ्यावरच्या बंगल्यांची कौलं ज्यांची उडाली, माडांच्या बागा झोपल्या, ती शहरातली माणसं आता म्हणे डोंगर शोधत होती. रस्त्याच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर कुठल्या तरी परदेशातला हिरवा डोंगर, पायथ्याशी बंगला, आणि अक्षरं अशी की समुद्राची भीती नको, सह्याद्रीची कूस घ्या. काकीच्या शेजाऱ्याने आपली मागची जमीन दिली, त्याला लागून आणखी तिघांनी दिली. प्लॉट पडले. चुन्याच्या रेघा मारल्या. गावातल्या बायकांना झाडं लावायचं काम मिळालं, माझ्या नवऱ्याला वॉचमनची नोकरी लागली. खोटं कशाला बोलू, आम्हाला बरं वाटलं. महिन्याच्या महिन्याला पगार घरात येणं म्हणजे काय, ते ज्याला मिळत नाही त्याला विचारावं.

शेठच्या माणसाने सगळ्यांना एकच बजावलं होतं. गिऱ्हाईक आलं की वादळाचं नाव काढायचं नाही. झालं, गावाला एक नवा शब्द टाळायची सवय लागली. लोक आपापसातसुद्धा ‘त्या साली वारा झाला ना’ असं म्हणू लागले. एकदा गॉगल लावलेली एक बाई गाडीतून उतरली आणि मला विचारलं, इथं वादळबिदळ येत नाही ना? तिचा किनाऱ्यावरचा बंगला अजून तसाच पडून होता म्हणे. मी काकीच्या ठिगळ लावलेल्या कौलांसमोर उभी राहून तिला म्हटलं, नाय हो, हितं कुठलं वादळ. इतकी निर्लज्ज होते मी.

मग मोजणी झाली. हद्दीचा दगड नेमका काकीच्या चुलीत आला. तिथून बंगल्यांचा रस्ता जायचा होता. काकी पहिल्यांदा हसली, तिला वाटलं मोजणाऱ्यांची चूक झाली. चूक नव्हती. शेजाऱ्याची ती दोन हात जागा कागदावर अजून शेजाऱ्याचीच होती, आणि शेजाऱ्याने ती विकली होती. तक्रार मुरबाडला तहसील कचेरीत गेली. तिथल्या एका भल्या लिपिकाने मला समजावून सांगितलं की प्रश्न सोपा आहे. पडवी जुनी ठरली तर तिला हात लावता येणार नाही. वादळानंतर नवीन वाढवलेली ठरली तर पाडावी लागेल. आणि मग त्याने फायलीतला पंचनामा काढून माझ्यापुढं धरला. मी माझी सही ओळखली. त्यानंतर त्या सहीच्या वर काय लिहिलंय ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

सुनावणीच्या दिवशी जीपमध्ये आम्ही दोघी पुढच्या सीटवर होतो. मी तिला पूर्ण वाटभर पढवत होते. काकी, साहेबांनी विचारलं की ‘मोडलं’ म्हणायचं. वादळात मागलं घर मोडलं, पडवी सासऱ्यांच्या वेळची आहे. एवढंच. म्हण बघू. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं, म्हण की. तर म्हणाली, चूल पेटती ठेवून आलोय घरात, असं कसं म्हनू गो? मी चिडले. म्हटलं, तुझ्या ह्या शास्त्रापायी घर जाईल, मग बस शहापूरला लेकीच्या ओटीवर. असं मी बोलले तिला. मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर तिने देवळाकडे तोंड करून हात जोडले.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, “आजी, मागची बाजू वादळात मोडली होती, की तुम्ही नंतर वाढवली?”

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं.

“वाढली व्हती, साहेब,” ती म्हणाली.

मागं कुणीतरी हसलं. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि परत समजावून विचारलं, मोडली होती का, तेवढं सांगा. काकीचे ओठ हलले, मी बघितलं. पण शब्द काही आला नाही. शेवटी म्हणाली, “तसं नका बोलू, साहेब. मानसं ऱ्हातात तिथं.”

मग साहेब माझ्याकडे वळला. पंचनाम्यावरची सही तुमचीच का. वाचून केली होती का.

आता बघा, मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, आमच्यात मोडलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात, जशी बांगडी वाढते तशी. कुणाही मराठी माणसाला ते समजलं असतं, साहेबालाही समजलं असतं. पण त्याच्या मागून हेही बोलावं लागलं असतं की मी न वाचता सही केली. सरकारी कागदावर न वाचता सही करणारी सेविका नोकरीत राहते का, मला माहीत नव्हतं. आणि बाकड्यावर शेठचा माणूस बसला होता, माझ्या नवऱ्याला पगार देणारा. तो माझ्याकडे बघतही नव्हता, मोबाइल बघत होता. गावात माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. रेशनवाल्याला मी भर चौकात झाडलेलं आहे. आणि त्या खोलीत मी म्हटलं, “हो. माझीच सही. वाचूनच केली.”

परतताना स्टँडवर काकीने माझ्यासाठी भजी घेतली. मी ती खाल्ली.

जेसीबी आला तो दिवस पावसाआधीचा. त्यांनी कागदाप्रमाणे फक्त पडवीच काढली, पुढच्या खोलीला बोटसुद्धा लावलं नाही, हे शेठचा माणूस सगळ्यांना दाखवत होता. मेढी गेल्या आणि तासाभरात पुढच्या खोलीचं आढं खाली आलं. ते येणारच होतं. ज्या माणसांनी त्या मेढी सरळ करून बसवल्या होत्या, त्यातले चौघे तिथंच मजुरीला होते. माझा नवरा गेटवर उभा होता. ह्या खेपेला कारवीचा भारा घेऊन कुणी आलं नाही, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई शहापूरहून टेम्पो घेऊन आला. सामान ते किती. जातं, दोन हंडे, देव, शेळी. लेक रडत होती आणि आईला सांगत होती, तुझंच घर हाय ते. काकी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. सगळ्या बायका टेम्पोभोवती जमल्या, मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले. एका म्हातारीने सवयीने म्हटलं, येते म्हण गो, येते म्हण.

काकीने ते ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. तिने गर्दीतून मला शोधलं आणि हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. मी खिडकीपाशी गेले. तिने माझा हात धरला.

“आता म्हन गो तू,” ती म्हणाली. “मोडलं म्हन. आता चालतं.”

टेम्पो सुरू झाला तरी तिने हात सोडला नव्हता, ती वाट बघत होती. मला ते म्हणवलं नाही.