आतली कडी

सुताराच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. जन्मताना तिच्या मेंदूला श्वास कमी पडला होता. तेव्हापासून पायांचे स्नायू आवळलेले, टाचा जमिनीला टेकत नाहीत, गुडघे एकमेकांत अडकतात. शेजारीण एकदा म्हणाली, "नाव तरी बदला, लोक हसतात." भिंगरीच म्हणाली, "हसू देत की. दात त्यांचेच दुखतील."

सुताराचा स्वभाव असा, की अडचण दिसली की हात हत्याराकडेच जायचा. त्याने घरातले उंबरे काढले, खाटेला कठडा बसवला, बाथरूममध्ये भिंतीला लाकडी दांडा ठोकला. लेकीच्या वाटेतला प्रत्येक खडा आपणच उचलायचा, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम नवीन आल्या, तेव्हा त्यांनी आधी भिंगरीलाच विचारलं, "तुला काय करायचंय? चालायचं?"

"बाथरूमची कडी लावायचीय," भिंगरी म्हणाली. "आतून."

लेक नऊ वर्षांची झाली होती. आई तिला उचलून आत बसवायची आणि दार उघडं ठेवून बाहेर पाठमोरी उभी राहायची. याची तिला लाज वाटू शकते, हे शेजारी बसलेल्या सुताराच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येताच त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला. कडी खाली आणायची, म्हणजे मिटलं.

"बाबा, आहे तिथेच राहू दे."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"माहितीये. पण मग ती फक्त माझी कडी होईल. मला सगळ्यांची हवीय."

त्याने हत्यार पेटीत टाकलं.

मग रोजचा घाम सुरू झाला. मॅडम पोटऱ्या ताणायच्या तेव्हा भिंगरी ओठ चावायची. स्टुलावरून उठायचं, दांडा धरून उभं राहायचं, एक हात सोडायचा आणि वर न्यायचा. हात सुटला की गुडघे दगा द्यायचे. गादीवर पडली की ती गुडघ्यांनाच दम भरायची, "थांबा, बघतेच तुमच्याकडे."

जरा जम बसत होता, तोच तिची उंची वाढली. हाडं वाढली, स्नायू मागे राहिले, पाय पुन्हा आवळले. मिळवलं होतं त्यातलं बरंचसं हातचं गेलं. त्याच सुमारास आत्या आली. व्यायाम बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, कशाला हाल करतोस पोरीचे? नशिबात आहे ते गोड मानून घ्यावं."

सुताराला बहिणीचं पटायला लागलं होतं. तेवढ्यात गादीवरून आवाज आला, "आत्या, हाल माझे होतायत ना? मग कधी थांबायचं तेही मीच ठरवणार."

आत्याने चहाचा कप खाली ठेवला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. ऋतू बदलले, बूट लहान झाले. एका सकाळी आईने तिला आत बसवलं आणि नेहमीसारखी पाठ फिरवली. मागे दार ढकलल्याचा आवाज झाला. बराच वेळ नुसती धडपड, मग लोखंडावर लोखंड घासलं, आणि कडी बसली.

आईने तोंडावर हात धरला. सुतार कामाला निघाला होता, तो दारातच थांबला. मिनिटभरात आत धप्पकन आवाज झाला.

तो धावला. बिजागऱ्या त्यानेच बसवल्या होत्या, त्या कशा काढायच्या हे त्याला डोळे मिटूनही जमलं असतं. स्क्रू-ड्रायव्हर बिजागरीला लागला, तेवढ्यात आतून भिंगरी बोलली. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते.

"मी पडलेय. लागलंय थोडं. उठतेय. दाराला कुणी हात लावायचा नाही."

"भिंगरे, अगं..."

"बाबा, हात काढ."

त्याने हात काढला. आयुष्यात त्याने पुष्कळ जड कामं केली होती, पण नुसतं उभं राहण्याइतकं जड एकही नव्हतं. आत ती धापा टाकत होती, दांडा करकरत होता. एकदा घसरली, शिवी दिली. ती कुठून शिकली, हे विचारायची ती वेळ नव्हती.

शेवटी कडी सरकली. भिंगरी चौकटीला धरून उभी होती, कोपर सोललेलं, केस विस्कटलेले.

"तुम्ही दोघं इथे कशाला जमलात?" तिने विचारलं. "मला अजून दात घासायचेत."

आणि तिने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.