सोनवणे मॅडमचा परत आलेला पाठ

मला राग फार लवकर येतो, आणि आला की लवकर जात नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अंजली सोनवणे मॅडमबद्दल लिहायचं तर सुरुवात त्यांच्यावरच्या रागापासूनच करावी लागेल.

तेलगावहून सिरसाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावात दहावीपर्यंत शाळा. वर्गात दोन प्रकारची मुलं. एक, जी वर्षभर शाळेत असतात. दुसरी आम्ही, आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की आम्ही कारखान्यावर, आणि परत येतो ते मार्चअखेर. तोवर पुस्तक संपत आलेलं असतं. आमच्यासाठी मागची बाकं ठरलेली. तपासणीला साहेब येणार असले की आमची जागाही ठरलेली, ती म्हणजे मैदान. आमचे शिपाई बजरंगमामा हातात टोपल्या द्यायचे आणि म्हणायचे, "चला रे, दगडं येचा." आत निवडक मुलं ठरलेल्या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं द्यायची आणि साहेब खूश होऊन, चहा पिऊन जायचे. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आम्हालाही नाही. मैदानावर निदान कुणी गणित तरी विचारत नव्हतं.

सोनवणे मॅडम गणित शिकवायच्या. तेलगावला राहायच्या, काळीपिवळी जीपने यायच्या. वय चव्वेचाळीस, नोकरीला अठरा वर्षं झालेली, आणि अशा वयात त्यांनी माध्यमिक शाळेत कसं शिकवावं याचा दोन वर्षांचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला होता. जीपमध्ये दोन बायांच्या मधे कोंबून बसायचं, कानात इअरफोन घालून व्याख्यान ऐकायचं आणि मांडीवरच्या वहीत उतरवून घ्यायचं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या अक्षरात दिसायचा. आमचे हेडसर माणिकराव त्यांना चिडवायचे, "मॅडम, आता हे शिकून काय दिवे लावणार?" मॅडम हसायच्या. म्हणायच्या, "सर, अठरा वर्षं शिकवतेय. कसं शिकवते ते एकदा बघून तरी घेते."

मी नववीत होते तेव्हा त्यांचं शेवटचं काम राहिलं होतं. स्वतःच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा, फोनवर त्याचं चित्रण करायचं आणि कुठेही न कापता विद्यापीठाच्या मार्गदर्शक बाईंना पाठवायचं. तो पाठ मान्य झाला तरच पास. एप्रिल होता, सकाळची शाळा. आम्हाला तोडीवरून येऊन दोन आठवडे झाले होते. चित्रणाच्या दिवशी मॅडमनी शाळेच्या रीतीप्रमाणेच सगळं केलं. पुढे हुशार मुलं बसवली, उत्तरं आदल्या दिवशी करून घेतली आणि आम्हाला बजरंगमामांच्या हवाली केलं. मी त्या दिवशी दीड टोपली दगड वेचले.

आठ दिवसांनी पाठ परत आला. मॅडमनी सगळ्यांना वर्गात बसवून मार्गदर्शक बाईंचा शेरा मोठ्याने वाचला. "पाठ नीटनेटका आहे. पण पटावर त्रेचाळीस मुलं आहेत आणि पडद्यावर सव्वीस. उरलेली सतरा कुठे आहेत? त्यांना घेऊन पाठ पुन्हा करा. कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांकडे असू द्या." मुदत पाच दिवसांची, आणि संधी ही एकच.

"ती सतरा मुलं मैदानावर दगड वेचत होती," मॅडम म्हणाल्या. "मीच पाठवली होती. माझं चुकलं. वर्गातलं प्रत्येक मूल शिकू शकतं, असं मी या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच परीक्षेत दोन पानं भरून लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते."

शाळेत कुणी मोठ्या माणसाने 'माझं चुकलं' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही, उलट तेव्हाच चढला. तोवर दगड वेचायचं मला काही वाटत नव्हतं. आपल्याला लपवलं होतं, हे त्या शेऱ्यामुळे कळलं. शेजारच्या बाकावर सत्यम होता, तोही तोडीवरून आलेला. मी त्याला म्हणाले, "आता गरज पडली म्हून बोलवायल्यात. म्या तर तोंडच उघडणार न्हाई."

पुढचे चार दिवस मॅडमनी आम्हा मागच्यांकडून काम आणि माणसांची गणितं करून घेतली. पाठात काय विचारणार ते मात्र कुणालाच सांगितलं नाही, वर्गात पहिली येणाऱ्या वैष्णवीलासुद्धा. पाचवा दिवस मुदतीचा शेवटचा. फळ्याखालच्या पट्टीवर खडूच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, मॅडमच्या पाठीमागे, आमच्याकडे तोंड करून. बजरंगमामा दारातून सवयीने विचारून गेले, "मॅडम, टोपल्या काढू का?" सगळा वर्ग हसला. मी हसले नाही.

पाठ बरा चालला होता. मग मॅडमनी विचारलं, "पाच माणसं उसाचा एक फड बारा दिवसांत तोडतात. तोच फड सहा माणसांना किती दिवस पुरेल? स्वप्नाली, तुला काय वाटतं?"

मी उभी राहिले आणि बाकाकडे बघत राहिले. पुढे वैष्णवीचा हात वर, अर्धी बाकावरून उठलेली. आता काय होणार ते मला पाठ होतं. 'बस खाली, वैष्णवी तू सांग.' इतकी वर्षं हेच ऐकत आले होते. पण मॅडम काही बोलल्या नाहीत. पंखा किरकिरत होता, रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मॅडम चिडलेल्या नव्हत्या. जीपची वाट बघताना त्या जशा उभ्या राहायच्या, तशाच उभ्या होत्या, येणार हे माहीत असल्यासारख्या. वैष्णवीने कंटाळून हात खाली घेतला. मी गप्प राहिले असते तर त्यांची दोन वर्षं पाण्यात गेली असती, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला तेच हवं होतं. पण इतका वेळ कुणी माझ्यासाठी थांबलंय, हे मला सहन होईना.

"बाराच," मी म्हणाले.

वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम म्हणाल्या, "थांबा रे. बारा कसे आले, सांग."

"सहा असू द्या न्हाईतर धा," मी रागातच बोलले. "ऊस न्यायला गाडी आली न्हाई तर समदेच बसून राहत्यात. आमच्या टोळीत माणसं वाढली तवाबी दिवस तेवढेच लागले."

हसू थांबलं. मॅडमनी फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गाडी रोज वेळेवर येते, असं धरू.' म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. पुस्तक हे धरून चालतं, पण सांगत नाही. आता सांग बरं."

पाच बारे साठ. साठात सहा दहा वेळा. "दहा," मी म्हणाले, आणि यावेळी मॅडमकडे बघून म्हणाले.

पाठ मान्य झाला. मॅडमनी पेढे आणले, हेडसरांनी दोन खाल्ले. पुढच्या दिवाळीत मॅडम आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "जाईबाई, हिला ह्या वर्षी ठेवून जा. दहावी आहे." मी मावशीकडे राहिले. आज परळीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, गणित घेऊन. हे त्यांच्यामुळे आहे, आणि ते सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

गेल्या महिन्यात तेलगावला त्यांच्याकडे गेले होते. मी हट्ट केला म्हणून त्यांनी तो पाठ दाखवला. पडद्यावर मान खाली घातलेली नववीतली मी, आणि पुढे मॅडमची पाठ. दोन्ही हात पाठीमागे. आम्हाला तेव्हा ते हात दिसले नव्हते. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. बारा पेरं झाली, अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर. पुन्हा बारा. असं चार वेळा. 

"प्रश्न विचारला की दहा मोजेपर्यंत थांबायचं, असं शिकवलं होतं आम्हाला," मॅडम म्हणाल्या. "तू काही दहात बोलेना."

"मॅडम, मी बोललेच नसते तर?"

"मग काय, नापास झाले असते." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "आणि पुढच्या वर्षी वर्गात पुन्हा तुलाच विचारलं असतं."

मला राग लवकर येतो तसं रडूही लवकर येतं, हे मात्र मी सुरुवातीला सांगितलं नव्हतं.