बाग बघायला गेले, बाग उपटून आले

नणंदेने एक फोटो पाठवला आणि मी निघाले. एका लहानशा स्टेशनचा फलाट, तेलाचे रंगवलेले डबे, त्यांत झेंडू, सदाफुली, गुलबक्षी. गावकऱ्यांनी मिळून फुलवलेली बाग, असं तिने खाली लिहिलं होतं. निवृत्तीनंतरचं माझं वर्ष फार मलूल गेलं होतं. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नसे. म्हटलं, काहीतरी हसरं बघून येऊ.

पहिला दिवस सरळ गेला. स्वारगेटहून एसटीने मोरगाव, गणपतीचं दर्शन, देवळाबाहेर पिठलं-भाकरी. स्वस्त आणि पोटभर. तिथून दुसरी एसटी धरून बारामती. मोरगावच्या आसपास नुसतं करपलेलं माळरान आणि शेळ्या, बारामतीच्या अंगाला आलं की एकदम ऊस. स्टँडजवळच्या साध्या लॉजवर राहिले. खोली स्वच्छ होती, एकट्या बाईने राहायला हरकत नाही. फक्त एप्रिलमध्ये जाऊ नका, रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून स्टेशन गाठलं. स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही. देऊनही उपयोग नाही.

फलाटावर दहा-पंधरा माणसं कुदळी-फावडी घेऊन खणत होती. मला वाटलं, नवी रोपं लावताहेत. तेवढ्यात एका बाईंनी "धरा जरा," म्हणून जास्वंदीचं मुळासकट उपटलेलं झाड माझ्या हातात दिलं. बाग उचलणं चाललं होतं.

त्या विमलताई. बौद्धवस्तीत राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत. बागेतले पहिले डबे त्यांनीच आणून ठेवले होते. त्यांनी सांगितलं की फलाट उंच करायचं काम निघालंय, उद्या मशीन येणार. राग तरी कुणावर धरायचा? फलाट फार खाली होता, म्हाताऱ्यांना गाडीत चढता येत नव्हतं, म्हणून अर्ज गावानेच केला होता. काम कधीतरी होईल तेव्हा होईल, असं सगळे धरून चालले होते.

त्यांच्यासोबत धनगरवस्तीतले बिरूआबा होते. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरांचा कळप असायचा, आता शेती आणि चार मेंढरं आहेत. बागेला लेंडीखत त्यांचं. संध्याकाळची गाडी गेली की दोन्ही वस्त्यांची माणसं पाणी घालायला यायची आणि मग तिथंच बसायची. गावात एरवी असं एकत्र बसता का, असं मी विचारलं. विमलताईंनी नकारार्थी मान हलवली.

खरा प्रश्न रोपं न्यायची कुठं हा होता. सगळी एकत्र राहावीत असं प्रत्येकालाच वाटत होतं. शाळेचं आवार सुचलं, पण सुट्टीत फाटकाला कुलूप आणि आत पाण्याचा थेंब नाही. कुणी बिरोबाच्या देवळापुढची जागा सुचवली, कुणी विहारामागची. सगळे खाली बघत उभे राहिले. शेवटी आबा बोलले.

"ताई, तुमच्याकडं लावली तर आमच्यातलं कुणी यायचं न्हाय. देवळापाशी लावली तर तुमच्या बायका यायच्या न्हाईत. खरं हाय का?"

"खरं हाय, आबा."

एवढंच. कुणी वाद घातला नाही, कुणी म्हणालं नाही की आम्ही येऊ. मी बाहेरची. मी डबे उचलू लागले.

वाटणी सुरू झाली. झेंडू इकडे, गुलबक्षी तिकडे. बाकाशेजारचा मोगरा त्या दोघांनी मिळून लावला होता. "तुमी न्या," आबा म्हणाले. "न्हाय, तुमीच न्या," ताई म्हणाल्या. कुणीच नेईना. बाकीचं सगळं लादून होईपर्यंत मोगरा उन्हात पडून राहिला. शेवटी एका बाईने उचलला तेव्हा मुळांची माती कोरडी होऊन गळत होती. दोन ट्रॉल्या दोन बाजूंना गेल्या. फलाटामागच्या बांधावर लावलेला जुना चाफा काढता येण्यासारखा नव्हता, तो फुलांसकट तसाच सोडला.

येताना भिगवणला उतरले. तिथे उजनीचे ताजे मासे मिळतात, जरूर खा. पक्षी बघायचे तर थंडीत जा. मी ताट मागवलं, घास उचलला. नखांत माती होती. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आले.

ओळखीचे विचारतात, सहल कशी झाली? सांगायला जाते आणि मोरगावापाशीच थांबते. ज्या बाकावर ती माणसं बसायची त्यावर आपण क्षणभरही टेकलो नाही, हे मात्र मनातून जात नाही.

काही आठवड्यांनी विमलताईंना फोन केला. फलाट झकास झालाय, आता चढायला सोपं पडतं, असं त्या म्हणाल्या. उन्हात बरीच रोपं गेली, दोन्हीकडची. मोगरा तर त्याच आठवड्यात वाळला. आबा भेटतात का, असं मी विचारलं.

"दिसत्यात की. बाजारात हात करत्यात." मग म्हणाल्या, "पण बाई, बाग न्हाय तर बसायचं कुठं?"

मी फोन कानाला तसाच धरून राहिले. त्यांनीही ठेवला नाही.