प्रेमिलावहिनीचा आवाज

प्रेमिलावहिनीला कोणी साधी बाई म्हटलं की माझं डोकं फिरतं. साधी कसली? समुद्रापलीकडून चालत आलेलं बक्षीस तिनं अंगणातूनच परत धाडलं. मी, जागेश्वर, तिच्या बांधाला बांध लागलेला शेजारी, तेव्हा तिथंच बसलो होतो.

आमचं गाव आमगावजवळ. चारी बाजूंनी धान, मधे बोडी, म्हणजे आमचं शेततळं, अन् बोडीवर सारसांची एक जोडी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला मोठा पेच पडला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अन् बांधावरून 'अजी' म्हणावं तर दहा जणींचे दहा अजी मान वर करत. मग तिनं सारसाची हाक उचलली. दुपारी डबा घेऊन बोडीवर यायची अन् मादीसारख्या दोन आखूड हाका द्यायची. तिचा नवरा बकारामभाऊ नरासारखी एक लांब हाक देऊन जेवायला निघायचा. तीस वर्षं हे चाललंय. गावात त्याचं कोणाला काही वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यात नागपूरची आचल आली. टीव्हीच्या कार्यक्रमासाठी आवाज टिपणारी पोरगी. पहाटे बोडीच्या गवतात मशीन चालू ठेवून आमगावला परत जायची, संध्याकाळी उचलायला यायची अन् वहिनीच्या हातचं जेवून जायची. वहिनीला तिचा भारी लळा लागला. पण दुपारच्या हाकेचं तिला आम्ही कोणीच सांगितलं नाही. आपण चूल पेटवतो हे कोणी पाहुण्याला सांगतं का?

यंदा निरोप आला. जगभरच्या टीव्ही कार्यक्रमांना बक्षिसं देणाऱ्या सोहळ्यात आचलचा कार्यक्रम आवाजाच्या बक्षिसासाठी शेवटच्या पाचांत पोचला होता. सोबत त्याचा एक तुकडा होता. अर्धं गाव अंगणात जमलं. फोनवर सारसांनी चोची वर केल्या, हाका निघाल्या, अन् वहिनी ओरडली, "अगं माय! हे तं मी होय!"

"अन् तो मी," बकारामभाऊ पुटपुटला.

सगळे पोट धरून हसले. मी मात्र भडकलो. "चूप राहा! तिकडच्या जाणकारायले समजलं नाही, तं तुमी काऊन पोरीच्या अन्नात माती कालवता?"

"भाऊजी, उद्या शाळेतले पोट्टे सारस म्हनून माजा आवाज शिकतीन. चालते तुमाले?"

"चालते! धावते! पोरीचं नाव होऊन राहिलं ना!"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ फोन लावला अन् सगळं सांगून टाकलं. मग आचल एवढंच म्हणाली, "मावशी, चार महिने मी तोच आवाज ऐकत बसले होते हो." फोन बंद झाला.

त्यानंतर तिचा फोन नाही. वहिनी ताट वाढून घ्यायची अन् तसंच सरकवायची. "पोरगी गेली माजी," म्हणाली अन् माझ्यासमोर रडली. मी मेला असा, की म्हणालो, "मी सांगितलं होतं."

सोहळा आपल्याकडच्या दुपारी होता. पडवीत फोन उभा करून आम्ही बसलो. आवाजाच्या बक्षिसाला पाचांऐवजी चारच नावं वाचली. आचलनं आपलं नाव काढून घेतलं होतं. बकारामभाऊनं दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"झालं समाधान?" मी वहिनीला विचारलं.

"दुःख झालं. पन पुन्हा विचारलं तरी हेच सांगीन," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी आचल मशीन खांद्यावर घेऊन दारात उभी. वहिनीची मान वर होईना.

"मावशी, खूप राग आला होता. अजून थोडा आहे," आचल म्हणाली. "पण मला खरा आवाज पाहिजे. तोवर तुम्ही दोघं तोंड बंद ठेवायचं."

नऊ दिवस वहिनी चिखल तुडवत थेट भाऊपाशी जायची अन् बाही ओढून त्याला जेवायला आणायची. या खेपेला आचल गवतातून हलली नाही. दहाव्या दिवशी सकाळी सारसांच्या जोडीनं हाक दिली. आचल धावतच आली अन् तिनं हेडफोन वहिनीच्या कानाला लावले. वहिनीनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"हे खरे सारस होत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पन आमचा जास्त चांगला होता. नाही का वो?"

"म्हणून तर शेवटच्या पाचांत गेला होता, मावशी," आचल म्हणाली, अन् तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.