आधी कोण गेलं?

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. पण गेल्या हिवाळ्यात निमित्त आपण होऊन दारात आलं. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायचं होतं. वारसाहक्क आणि अनैसर्गिक मृत्यूची चौकशी, या दोन्ही जुन्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचा मसुदा चर्चेला येणार होता. ओळखीचे एक वकील त्या कामात होते. "साहेब, आयुष्यभर पंचनामे केलेत, त्यात काय कमी पडतं ते सांगा की," असं ते म्हणाले. मी म्हटलं, एका घरात दोन माणसं एकदम गेली, तर आधी कोण गेलं हे पहिल्याच दिवशी घरच्या बायकांना विचारून लिहिण्याची सक्ती करा. वकील हसले. रिटायर माणसाचं काहीतरी खूळ, असं त्यांना वाटलं असणार. मग मी त्यांना निपाणीकडची केस सांगितली.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. गावात दोघे भाऊ, वाटण्या झालेल्या, पण अंगण एकच. थोरल्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोनं, म्हणजे थोरल्या जावेनं, आपल्या बहिणीची मुलगी तान्ही असल्यापासून सांभाळली होती. मुलगी त्यांनाच आई-बाबा म्हणायची, निपाणीला कॉलेजात जायची. दत्तकविधान मात्र झालेलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत थोरल्याला खोकला झाला, म्हणून नव्या स्लॅबच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी घेऊन, खिडक्या लावून नवरा-बायको झोपले. मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला खानापूरला गेली होती म्हणून वाचली. सकाळी दोघंही मेलेली.

वर्दी द्यायला धाकटा भाऊ स्वतः आला. डेअरीला दूध घालून आलो, हाक मारली, ओ आली नाही, कडी तोडून आत गेलो तर दोघंही गार पडलेली, असा त्याचा जबाब. आम्ही यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद करून जागेवर गेलो. पंच बोलावले. पंचनाम्याला मी हाताखालच्या माणसांवर कधी विसंबलो नाही. आधी दार बघायचं, मग माणूस, ही माझी सवय. दार बघितलं आणि चक्रावलोच. तोडलेली म्हणत होते ती कडी जागच्या जागी, स्क्रूवरचा रंगसुद्धा उडालेला नाही.

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. कुणीतरी नाव न सांगता कळवलं होतं, की जमिनीसाठी मारलंय, बाईचे हात बघा. हात बघितले. सवाष्ण बाई, पण दोन्ही हातांत एक बांगडी नाही. मनगटांवर ताजे ओरखडे. कपाळ पुसलेलं. उंबऱ्याच्या फटीत हिरव्या काचेचे बारीक तुकडे सापडले, बाकीचे कुणीतरी झाडून उचललेले दिसत होते. झटापट झाली असणार, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं. मढी शवविच्छेदनाला पाठवली आणि धाकट्याला ठाण्यात आणून बसवलं.

मी चौकशीत आरडाओरडा करत नाही. चहा मागवतो आणि गप्प बसतो. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, तो काहीतरी बोलून ती भरून काढतो, आणि तिथं चुकतो. मी त्याला विचारलं, कडी तोडलीस तर ती शाबूत कशी? तो म्हणाला, ढकलल्यावर उघडलं. मग तोडली का म्हणालास? तो खाली बघायला लागला. तरी खुनाची गोष्ट काढली की ताडकन वर बघायचा आणि रडायचा. दुपारी त्याच्यापुढे ताट ठेवलं, तर दोन भाकऱ्या खाल्ल्या. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा जेवतो, खून केलेला जेवत नाही. हा काहीतरी लपवत होता, पण खून नव्हे. संध्याकाळी त्याला सोडला. पुढे डॉक्टरांचा अहवालही तसाच आला. निखाऱ्याच्या विषारी वायूनं मृत्यू, ओरखडे किरकोळ, मारहाणीची खूण नाही.

फाईल बंद करण्याएवढी ती केस साधी झाली होती. बांगड्यांचं कोडं मात्र डोक्यातून जाईना. घरातल्या बायकांना आम्ही काही विचारलेलं नव्हतं. सुतक चालू असताना बाईमाणसाला ठाण्यात बोलावणं आमच्याकडे कुणी करत नाही. खून नाही म्हटल्यावर बोलावण्याचं कारणही उरलं नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर धाकट्याची बायको एकटी बस धरून ठाण्यात आली. बाकावर बसून राहिली. महिला हवालदारानं काय काम विचारलं तर म्हणाली, साहेबांनाच सांगायचंय. आत आल्यावर तिनं पदराची गाठ सोडून टेबलावर हिरव्या काचा ठेवल्या.

"दार थोरलीनंच आतनं उघडलंतं, साहेब. दादा तवा गार पडलंतं. तिनं त्यास्नी बघितलं, मला बघितलं. उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्या मांडीवर गेली. आमचं मालक डेअरीवरनं आलं तवा सगळं सपलंतं."

मी विचारलं, मग हे लपवलं का? तिनं सांगितलं ते असं. त्याच सकाळी, वर्दी द्यायच्या आधी, कचेरीत उठबस असणारा एक पाहुणा आला आणि त्यानं तिच्या नवऱ्याला कायदा समजावला. नवरा आधी गेला असेल, तर त्या क्षणी जमीन बायकोची होते. मग ती चार श्वास जगो की चाळीस वर्षं. आणि थोरलीनं तर, माझं जे काही असेल ते या मुलीला, असं मृत्युपत्र आधीच करून ठेवलं होतं. तेव्हा तिच्या नावावर फक्त एक म्हैस होती. दोघं एकदम गेली, आधी कोण ते कळत नाही असं ठरलं, तर कायदा वयानं मोठं माणूस आधी गेलं असं धरतो. थोरली होती नवऱ्याच्या मामाची मुलगी, लहानपणीच ठरलेलं लग्न, आणि वयानं ती त्याच्यापेक्षा वर्षभर मोठी. म्हणजे ती आधी गेली असं धरलं जाणार, जमीन धाकट्या भावाकडे येणार, आणि मुलीला उद्या त्या घरात पाय ठेवायलाही जागा राहणार नव्हती. दोघंही आतच गेली असं दिसावं, म्हणून कडी तोडल्याची गोष्ट रचली होती.

"तुम्हाला किती मुलं?" मी विचारलं.

"दोन पोरं हाईत."

"हे मी लिहून घेतलं तर त्यांची जमीन जाईल. कळतंय ना?"

"कळतंय की." मग टेबलावरच्या काचा बोटानं एकत्र करत ती म्हणाली, "दवाखान्यातनं तिला आणल्यावर सगळी म्हणाली, अहेव गेली, भरल्या कपाळानं, भाग्याची. मी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. जातानं तिनं आपल्या हातानं पुसलंतं, साहेब. ते मी चार बायांत बसून परत लावलं. जमिनीसाठी."

जबाब लिहायला बसलेल्या महिला हवालदारानं पेन खाली ठेवलं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळलं. मंत्री आले की आम्ही उठायचो ते नोकरी म्हणून. त्या बाईसमोर मी का उठलो, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कसला धाक नव्हता, गुन्हा नव्हता. गप्प बसली असती तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. मी थक्क झालो होतो, आणि खरं सांगतो, थोडा घाबरलोही होतो.

पोलिसांपुढच्या जबाबावर दिवाणी दावा निकाली निघत नाही. पुढे मुलीनं दावा लावला तेव्हा ही बाई कोर्टात उभी राहिली आणि शपथेवर हेच बोलली. उलटतपासणीत वकिलानं तिला खूप पिळलं, ती एका शब्दानं हलली नाही. जमीन आणि घर मुलीला मिळालं. नवरा तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. पोरांनीही टोमणे मारले. तरी सकाळी अंगण दोन्ही दारांपर्यंत तीच झाडायची.

हे ऐकल्यावर माझ्या ओळखीच्या त्या वकिलांनी माझी सूचना मसुद्यात घातली. चर्चेच्या दिवशी त्यांनी प्रेक्षक गॅलरीचे पास दिले. मी त्या मुलीला कळवलं, आणि ती काकीला घेऊन निपाणीहून आली. एवढं मोठं सभागृह बघून बाई पदर सावरून, हात जोडूनच बसली. कन्नड तिला समजतं. पंचनाम्यात मृत्यूचा क्रम लिहावा, घरातल्या स्त्रियांचा जबाब त्याच दिवशी घ्यावा, असं एक सदस्य उभं राहून म्हणत होते. तिच्या उंबऱ्यावर घडलेली गोष्ट राज्याच्या सभागृहात कायद्याच्या भाषेत बोलली जात होती. मी अभिमानानं तिच्याकडे बघितलं. ती मात्र मान हलवत होती, पण होकारार्थी नव्हे.

बाहेर हायवेवर बसची वाट बघताना मी म्हणालो, "आक्का, हा नियम तेव्हा असता तर तुम्हाला एवढं सोसावं लागलं नसतं. पहिल्याच दिवशी आम्ही विचारलं असतं."

"बरं झालं इचारलं न्हाईसा," ती म्हणाली. "पयल्या दिवशी मालक शेजारी हुबं होतं. दोघंबी संगंच गेली म्हणून मी अंगठा दिला असता. दिलेला अंगठा मागं घ्यायला मला कुठनं बळ येणार? थोरली रोज डोळ्याम्होरं येऊन बसायची, तवा कुठं तोंड उघडलं."

बस आली. मुलीनं तिला हात धरून चढवलं. मी तिथंच उभा राहिलो. जबाब जितका ताजा तितका खरा, हे मी शेकडो पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. वकिलांना तिथूनच फोन लावला. म्हटलं, अजून एक ओळ घाला. पहिल्या दिवशी विचारा, पण दिवसकार्य झाल्यावर त्या घरी परत जा, आणि तेव्हा जे सांगतील त्यासाठी आधीचा अंगठा आड येऊ देऊ नका.

या वेळी ते हसले नाहीत. खरं बोलायला माणसाला वेळ लागतो, हे कायद्यात कसं लिहायचं, एवढंच त्यांनी विचारलं.