माटोळीतले टोमॅटो

पेडणे तालुक्यात ऊन पडतं, पाऊस पडतो आणि झाडं आपापली वाढतात, असा एक भाबडा समज आहे. माझ्या बायकोच्या मामांना तो अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते झाड ही मुळातच आळशी जात आहे आणि कुणीतरी डोक्यावर बसून ओरडल्याशिवाय ते इंचभरही वाढत नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मामा परसात उतरतात ते वाल, दोडकी आणि मिरच्यांची हजेरी घ्यायलाच. "कालपासून कितां केलंस रे तू?" असं त्यांनी एका भोपळ्याच्या वेलाला विचारताना मी या कानांनी ऐकलं आहे. वेल ओशाळून गप्प राहिला. पण पुढं तो शेजाऱ्यांच्या कौलांवर चढला, हे खरं. भीतीनं पळून गेला असावा, असं माझं मत आहे.

मी डिचोलीचा, नोकरी पेडण्याला. येता-जाता मोटरसायकल मामांच्या दारात थांबते, कारण मामीच्या हातचा चहा चांगला असतो. या चहाची किंमत म्हणून मामा मला परसात राबवतात. जावयाला एकेरीत हाक मारायची नाही हा त्यांच्या घरचा रिवाज, त्यामुळे माझा उद्धारसुद्धा अतिशय अदबीनं होतो. "जावयबापू, तुमी गाढव आसात," असं ते मला म्हणतात, तेव्हा त्या 'तुमी'मुळे मन भरून येतं. एकदा माकडांना भिवविण्यासाठी त्यांनी बुजगावणं उभं केलं आणि मामीनं त्याला माझी जुनी पँट आणि चौकड्यांचा शर्ट चढवला. माकडं दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून पेरू खात होती. वाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं मात्र कुंपणावरून विचारलं, "जावय आज कामाक गेलो ना? सकाळपासून थंयच उभो आसा." मामा म्हणाले, "ताचां कामावरय असांच आसता."

मामा सोमवारी मासळीला शिवत नाहीत, पण रस-ऑमलेटच्या गाड्यावरून अंड्यांच्या टरफलांची बालद मात्र सोमवारीच भरून आणतात. ती कुटून झाडांच्या मुळांशी घालतात. गावात बोलवा अशी की पेडण्याचे मामा उपासाला अंडी खातात, तीही बालदीनं. मामा खुलासा करत नाहीत. "लोकांक बोलूंक कायतरी होया," म्हणतात.

तर हे मामा चेरी टोमॅटोच्या नादी लागले ते मोरजीच्या एका हॉटेलातल्या लग्नात. तिथल्या सालाडात गोटीएवढे लालबुंद टोमॅटो होते. मामांनी एक तोंडात टाकून चावला आणि त्याची पिचकारी थेट नवऱ्या मुलाच्या बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. दुसरा कुणी असता तर शरमेनं पानावरून उठला असता. मामांनी माफी मागितली, आणि ती मागता मागताच मूठभर टोमॅटो रुमालात बांधून घेतले.

या टोमॅटोंत त्यांचा जीव का अडकला, हे मला मामीनं सांगितलं. मामांच्या मूळ घरी चवथीला गणपतीवर माटोळी बांधतात. लाकडाची चौकट देवाच्या डोक्यावर टांगायची आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, केळी, रानातली कवंडाळं असं सगळं लोंबतं बांधायचं. त्या घरात नियम असा की प्रत्येकानं आपल्या हातानं लावलेलं एक तरी फळ आणायचं. मामांचा जन्म मुरगावच्या बंदरावर नोकरीत गेला. ते दरवर्षी म्हापशाच्या बाजारातून पिशवी भरून आणत आणि त्यांच्या थोरल्या वहिनी ती पिशवी बिनबोलता बाजूला ठेवत. त्यातलंही बांधलं जाई, पण सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. निवृत्त होऊन मामा घरी आले तोवर नारळ थोरल्या भावाचा झाला होता, सुपारी मधल्याची आणि चिबूड पुतण्याचा. धाकट्यासाठी माटोळीत काही शिल्लकच नव्हतं. जे कुणीच लावत नाही असं काहीतरी मामांना हवं होतं.

बी त्यांनी करवंट्यांत रुजवलं. "नारळाक देवान तीन दोळे दिल्यात. एक फोडलो की पाणी जाता. कुंडी कित्याक होयी?" आणि रोपं वीतभर झाली नि नेमकं त्याच वेळी मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. त्यामुळे एका संध्याकाळी मामा काळा चष्मा लावून परसात कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले आणि मी चिखलात बसलो. लावणी संध्याकाळीच, हे त्यांचं शास्त्र. "चेडवाची पाठवणी काय उन्हाच्या कडाक्यात करतत?"

मी मिरचीची रोपं लावतात तशी अलगद लावायला घेतली.

"गळ्यामेरेन पुरा!" मामा ओरडले.

"मामा, मरतील ती!"

"टोमॅटोक पुरलां तितकी मुळां फुटतत. खालची पानां काडा नि पुरा. जावयबापू, गळो खंय आसता ता तरी ठावक आसा मां?"

मी आज्ञाधारकपणे पुरत गेलो. उत्साहात एका रोपाचा गळाच काय, शेंडाही मातीखाली गेला. काळ्या चष्म्यातूनही मामांना ते दिसलं. "ताचां आता सुतक धरूया," ते शांतपणे म्हणाले.

खरा पराक्रम पुढचा. रोपांना आधाराच्या काठ्या हव्या होत्या. मी कुंपणालगतच्या पांगाऱ्याच्या हिरव्यागार, सरळ काठ्या तोडल्या आणि प्रत्येक रोपाशेजारी एकेक ठोकली. मामा तेव्हा डोळ्यात औषध घालून आत पडले होते. कोकणात जन्मलेल्या माणसाला पांगारा ठाऊक असतो. पावसात त्याची काठी जमिनीला नुसती टेकली तरी रुजते. मलाही ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं नाही, एवढंच. आषाढात प्रत्येक काठीला पालवी फुटली. श्रावणात टोमॅटो पांगाऱ्याच्या सावलीत गारठून बसले. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून म्हणू लागले, "मामानू, पांगारो बरो लागलो हां!" काठ्या उपटाव्यात तर टोमॅटोची मुळंही निघून येणार. मग मामा चष्मा सावरत, न वाकता, रोज कोंब खुडत राहिले, आणि प्रत्येक कोंबाबरोबर मला एक अदबशीर गाळ, म्हणजे शिवी. पावसाचा मार लागू नये म्हणून त्यांनी रोपांवर शेतकऱ्यांची जुनी इरली घातली. लांबून पाहिलं की वाटे, चार-दोन बुटक्या बायका परसात लावणी करताहेत. त्यातली एकेक बाई कुजत गेली. शेवटी एकाच इरल्याखाली एक घोस धरला, आणि चवथीच्या तोंडावर तो लाल झाला.

माटोळी बांधायच्या दिवशी मी स्टुलावर चढलो होतो. खाली थोरल्या वहिनी एकेक जिन्नस पारखून वर देत होत्या. माटोळीत काय बांधायचं, हे त्या ठरवतात. घरातले पुरुष फक्त गाठी मारतात. मामांनी रुमालातून घोस काढून त्यांच्यापुढं धरला.

"ह्यां कितां?"

"टोमॅटो."

"सालाडातलां? देवाक?"

"अननस चलता मां? पेरू चलता? ते काय परशुरामान आणले? सगळे पोर्तुगेजांच्या बोटीतले!"

"ते माज्या सासवेन बांदले, म्हणान हांव बांदतंय." वहिनींनी घोस हातात घेऊन फिरवला. "खरांच तुमच्या हातचां, भावजी?"

मी स्टुलावरून मामांना डोळ्यांनी खुणावत होतो, हो म्हणा. मामांनी चष्मा काढला. त्या घरातल्या देवासमोर खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

"हात जावयाचे," ते म्हणाले. "गाळी माज्यो."

माजघरात कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, म्हणजे त्या घोसाची एकंदर काय दैना झाली असेल ते त्यांना कळलं असावं. मग घोस माझ्या हातात देत म्हणाल्या, "इतक्यो गाळी खावन वाढलां मरे. बांदा. मदी बांदा, कोपऱ्यात नको."

मी गाठ मारली. माझ्या आयुष्यातली ही एकमेव गाठ, जी मारल्यावर मामा काही बोलले नाहीत.

दीड दिवसाचा गणपती. पाहुणे आले, आरत्या झाल्या, कुणी नारळाचं कौतुक केलं, कुणी चिबडाचा वास घेतला. टोमॅटोंकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मामा मात्र जेवायलाही अशा जागी बसले की मान उचलली की घोस दिसावा. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेच्या आधी आरती चालू होती आणि ते टाळ्या वाजवत वरच बघत होते. शेजारी उभ्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, देव खाली बसलाहा."

"माका खबर आसा," मामा म्हणाले. नवा डोळा अजून पाणावत असे, तो त्यांनी बोटानं टिपला. "तो पुढल्या वर्सा परत येतलो. टोमॅटोचां कोणें सांगलां?"